नवरदेवाचा कडता

बुऱ्हाणपुरात कम्प्यूटर या विषयावर तोंड उघडायचा अधिकार एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस म्हणजे मी! हे मी गर्वानं सांगत नाही, नाइलाजानं सांगतो. ज्या गावात नव्या कम्प्यूटरपुढे नारळ फोडतात, त्याचं पाणी कीबोर्डवर शिंपडतात आणि मग ‘हा सुरू का होत नाही हो?’ म्हणून मलाच फोन करतात, त्या गावात दुसरं कोण बोलणार?

मी विनायक. केळी बागाईतदार संघाचा कम्प्यूटर ऑपरेटर. संघाचं आवार अमरावती रोडला आहे. पुढे तोलकाटा, त्यावर केळीचे ट्रॅक्टर मोजतात. मागे संघाचंच मंगल कार्यालय, तिथे लग्नं लागतात. मधल्या खोलीत मी. थोडक्यात, दोन्हीकडे माणसं अडकलेली आणि मध्ये त्यांना सोडवणारा एकच!

गोष्ट २००१ सालची. आमचे अध्यक्ष अनंतराव इंदूरला कुणाच्या तरी ऑफिसात चहा प्यायले आणि येताना ‘जोडणी’ हा शब्द घेऊन आले.

“विनायक, तिथे सगळे कम्प्यूटर एकमेकांना जोडलेत! आपले का सुटे?”

अनंतरावांना कम्प्यूटरमधलं एवढंच कळतं, की बंद असला की काळा दिसतो. पण हौस दांडगी. मी म्हटलं, “जोडून टाकू!” आणि टाकले. काट्यावरचा कम्प्यूटर, कार्यालयाच्या कोठारातला कम्प्यूटर आणि माझा, असे तिन्ही एका वायरीनं बांधले. वायर कडुनिंबावरून नेली. अनंतरावांनी तिलाही हार घातला.

खरी कमाल पुढेच आहे. काट्याचा प्रोग्राम वेगळा, कोठाराचा वेगळा, आणि कोठारात पोती मोजायचा जो छोटा वजनकाटा होता त्याचा तिसरा. तिन्ही मीच लिहिलेले. तिघांनाही वजन करावं लागतं. मग वजनाचा हिशेब तीनदा का लिहायचा? मी एकच फाईल केली. नाव ठेवलं ‘वजन’. ती माझ्या कम्प्यूटरवर, आणि तिन्ही प्रोग्राम वायरीतून येऊन तिलाच विचारणार, की बाई, याचं वजन किती धरू? एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळीकडे दुरुस्ती! पाच मिनिटांचं काम!

इंदूरला प्रभाकर नावाचा माझा मित्र आहे. आम्ही एकाच क्लासला कम्प्यूटर शिकलो. तो कुठल्याशा कंपनीत लागला, गळ्यात पट्टा अडकवून फिरतो, आणि विचारल्याशिवाय सल्ला देतो. फोनवर म्हणाला, “विन्या, फाईलला आकडा लाव. वजन-एक. उद्या बदल केलास की वजन-दोन. ज्या प्रोग्रामला नवी हवी तो नवी घेईल, बाकीचे जुनीवर राहतील.”

“घरात मिठाची बरणी एकच असते रे!” मी म्हटलं. “भाजीची वेगळी, वरणाची वेगळी, असं करतं का कुणी?”

“आणि उद्या त्याच बरणीत तू साखर भरलीस तर?”

“मी काय वेडा आहे?”

“लाइन खराब आहे,” म्हणून त्यानं फोन ठेवला. इंदूरच्या लोकांना उत्तर सुचलं नाही की लाइन खराब होते.

आता कडता म्हणजे काय ते सांगतो. केळीचा घड दांड्यासकट मोजतात. दांडा काही कुणी खात नाही. म्हणून व्यापारी म्हणतात, त्याचं वजन कापा. या कापण्याला कडता म्हणायचं. त्यावरून शेतकरी आणि व्यापारी यांची दर हंगामात जुंपते. त्या वर्षी अनंतरावांनी दोघांना एकत्र बसवलं आणि ठरवून टाकलं, की शंभर किलोमागे आठ किलो कडता, आणि तो कम्प्यूटरनंच कापायचा. म्हणजे भांडण नको.

“होईल का रे विनायक?”

“पाच मिनिटं!” मी म्हटलं, आणि ‘वजन’ फाईलमध्ये एक ओळ घातली. जे वजन येईल त्यातून शेकडा आठ कमी. झालं! वर चहासुद्धा पिऊन आलो.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचं, शारदाचं लग्न होतं. त्याच कार्यालयात. मुलगा देडतलाईचा, अरविंद. शांत पोरगा. बापाचं नाव देवराम पाटील, केळीचे मोठे बागाईतदार. बोलले की तापीपलीकडे ऐकू जावं. आई मालूबाई. त्यांनी अरविंदच्या लहानपणी नवस बोलला होता, की पोरगा जगला तर लग्नाच्या दिवशी त्याची गूळतुला करीन. म्हणजे नवरदेवाच्या वजनाइतका गूळ मोजायचा आणि तो तापीच्या राजघाटावर वाटायचा. त्यांची अट एवढी एकच. मानपान नको, सोनंनाणं नको. पण तुला झाल्याशिवाय अक्षता नाहीत!

आई मला म्हणाली, “विनू, लग्नात तुझं ते मशीन मध्ये आणू नकोस.”

“आई, गूळ, साखर, पीठ, सगळं कम्प्यूटर मोजणार! ग्रॅमचा फरक पडणार नाही.”

“दादा,” शारदा म्हणाली, “माझं लग्न आहे रे. फक्त ते नीट होऊ दे.”

तिच्या आवाजात काकुळती होती. मला राग आला. सख्ख्या बहिणीला भावाच्या हुशारीवर भरवसा नाही!

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं. पहिली पंगत मजेत उठली. दुसऱ्या पंगतीला देडतलाईची मंडळी बसली, आणि माव्याची जिलबी संपली! पाठोपाठ पुऱ्या संपल्या. मग वरण पाण्यासारखं झालं, आणि शेवटी पाणीच वाढायला आलं. बुऱ्हाणपुरात येऊन माव्याची जिलबी न खाता उठायचं, म्हणजे देवळात जाऊन चपलांचं दर्शन घेऊन परत यायचं!

मालूबाई पानावरून उठल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, “विहीणबाई, आमची माणसं जास्त आली काय वं? आधी सांगतलं असतं तं घरून डबे आनले असते.”

आईचं तोंड एवढंसं झालं. मी तडक कोठारात गेलो. तिथे आमचा कोठारी सुकलाल भिंतीला टेकून निवांत बिडी ओढत होता.

“सुकलाल, माल कमी कसा पडला?”

“मेरे को क्या मालूम, भाऊ? कम्प्यूटरचा पर्चा आला, तेवढंच मी काढलं.”

“पण डोळ्यांनी दिसत नव्हतं? एवढ्या साखरेत एवढी माणसं जेवतात?”

“पहले मैं अंदाजानं द्यायचो, तं तुमी बोलले सुकलाल, तू अडाणी आहे, पर्चा देख. अब मैं पर्चा देखतो. अंदाज बंद!” आणि त्यानं झुरका मारला. तीस वर्षं कोठारात काढलेला माणूस, पण जबाबदारी गेली म्हणून इतका खूश मी दुसरा पाहिला नाही!

मी फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. साखरेतून दांड्याचा कडता कापला गेला होता! आणि एकदा नाही. आचाऱ्याच्या यादीवर एकदा, कोठाराच्या पर्चीवर एकदा, पंगतवार वाटणीवर आणखी एकदा. प्रत्येक जण जाऊन त्या एकाच फाईलला विचारत होता, आणि ती बया प्रत्येकाला आठ-आठ कापून देत होती. साखरेला दांडा नसतो एवढंही या यंत्राला कळत नाही!

“पाच मिनिटं!” मी सुकलालला म्हटलं, आणि कडत्याची ती ओळ पुसून टाकली. आता पोतं ठेवलं की जेवढ्याला तेवढं वजन. उद्याच्या जेवणाची काळजी मिटली. मी झोपायला गेलो, तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता.

सकाळी कार्यालयात सनई वाजत होती. नवरदेवाला तुलेसाठी तयार करत होते. मी नवा सदरा घालून मिरवतोय, तेवढ्यात अनंतराव धोतर सावरत पळत आले.

“विनायक! काट्यावर चल! तुमचे व्याही काट्यावर बसलेत!”

“काट्याजवळ?”

“काट्यावर! वर! मांडी घालून!”

झालं होतं असं. देवरामआबांनी लग्नाच्या दिवशीच केळी कापली होती. दिल्लीकडचा ट्रक तयार उभा होता आणि कापलेली केळी मुहूर्त बघत नाहीत. ट्रॅक्टर मोजला, संघाची चिठ्ठी निघाली. पण त्यात कडताच नाही! अर्थात, तो मी आदल्या संध्याकाळी पुसला होता. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, कडता कापल्याशिवाय माल उचलत नाही. आबा म्हणाले, संघाची चिठ्ठी म्हणजे संघाची चिठ्ठी. आणि डोक्याला लग्नाचा फेटा, अंगात कोट, अशा थाटात ते तोलकाट्यावर बसले. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली.

“आबा,” मी हात जोडले, “मुहूर्त जवळ आला. चला ना!”

“मुहूर्त मले नको सांगू! आधी सांग, चिठ्ठी खरी का हा मानूस खरा?”

“चिठ्ठीत जरा... दुरुस्ती आहे. पाच मिनिटं!”

मी धावत ऑफिसात गेलो आणि कडत्याची ओळ परत घातली. चिठ्ठी पुन्हा काढली. आता बरोबर आठ टक्के कमी! व्यापाऱ्याचा माणूस खूश. आबांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. तोच ट्रॅक्टर, तीच केळी, आणि वजनं दोन!

“वा रे भाऊ!” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ट्रॅक्टरवाले उठून उभे राहिले. “पोरगी देऊन राहिले का केळी काढून घेऊन राहिले?”

मी त्यांना कसंबसं समजावत कार्यालयाकडे आणलं. मनात म्हटलं, दहा मिनिटांत दोन दुरुस्त्या! इंदूरच्या पट्टेवाल्याला जमलं असतं का?

आणि कार्यालयाच्या दारातच मालूबाईंची आरोळी ऐकू आली.

“गूळ कमी हाय! नवसाचा गूळ कमी आनला यायनं!”

मांडवात सगळे उभे. मधोमध कोठारातला तो वजनकाटा, त्याला रांगोळी काढलेली, आणि त्यावर गुळाच्या ढेपींचा डोंगर. मी काट्यावर आबांशी बोलत होतो तेव्हाच इकडे नवरदेवाला उभं करून मोजलं होतं. बासष्ट किलो. आईनं पै-पाहुण्यांना विचारून, दोनदा तपासून गूळ आणला होता. नवरदेव उतरला, ढेपी चढल्या, सगळ्या चढल्या, आणि आकडा दाखवत होता सत्तावन्न!

“मोजून आणलाय हो,” माझी आई रडवेली झाली होती. “देवाशपथ मोजून आणलाय!”

“मंग काय उंदरांनी खाल्ला? काल जिलबी नाई, आज गूळ नाई! नवस फेडायला पोटभर गूळ नाई, अन् म्हने कम्प्यूटर! उठ रे अरविंद, घरी चाल!”

अरविंद बिचारा मुंडावळ्या बाजूला करून शारदा कुठे दिसते का ते शोधत होता. शारदा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पिवळं नेसलेली. रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

मी पुढे झालो. “मावशी, गूळ बरोबर आहे! नवरदेवाचंच वजन चुकीचं घेतलं असेल. यांना काही कळत नाही. परत उभं करा!”

गूळ उतरवला, अरविंदला परत चढवलं. सगळ्या मांडवानं मान पुढे काढली. सत्तावन्न!

मालूबाईंनी किंकाळी फोडली. “अरे देवा! पाच किलो उतरला! माह्या पोराले नजर लागली वं! महिनाभर दूध पाजलं, तूप चारलं, अन् या मांडवात पाय ठेवला तं एका घंट्यात पाच किलो गेला!”

बायका मीठ-मोहऱ्या आणायला धावल्या. कुणी म्हणालं लिंबू. कुणी म्हणालं डॉक्टर. सुकलाल म्हणाला, “पर्चा काढू का, भाऊ?” मला त्याचा गळा धरावासा वाटला.

“आई, मी बरा आहे,” अरविंद काट्यावरून म्हणाला.

“तू चूप! तू पाच किलो कमी हायेस!”

मला कळलं होतं. मधल्या वेळात मी कडता परत घातला होता. आधीचा नवरदेव बिनकडत्याचा, नंतरचा गूळ कडत्याचा, आणि आताचा नवरदेवही कडत्याचा. काढून टाकावा म्हटलं तर बाहेर ट्रॅक्टरांची रांग. ठेवावा तर आत बहिणीचं लग्न मोडतंय. म्हटलं, पळत जाऊन काढतो, तुला उरकतो, पळत येऊन घालतो. पाच मिनिटं! मी वळलो, तर समोर देवरामआबा. हातात त्या दोन चिठ्ठ्या.

“कुठं निंगाले?”

“ऑफिसात. जरा दुरुस्ती...”

“तुमची दुरुस्ती झाली की कोनी तरी कमी भरते. आधी माही केळी, आता माहा पोरगा. काय भानगड हाय ते इथंच सांगा.”

मांडव पुढे सरकला. सनईवालासुद्धा थांबला, त्याला नको तिथे थांबायची अक्कल. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी हळूच म्हटलं, “आबा, मशीननं... अरविंदरावांचा कडता कापला.”

“कशाचा?”

“त्याला ते... केळीचा घड वाटले.”

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग मागच्या रांगेत केळीवाल्यांपैकी एक जण फिसकन हसला, आणि त्याच्यापासून हसू पुढे पुढे येत मालूबाईंपाशी येऊन थांबलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवस होता. एकुलत्या एक पोराच्या जिवाचा. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि ते पाहिल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, की पाच मिनिटांच्या कामाला आपण पाचच मिनिटं देतो, हे काही फार शहाणपणाचं नाही.

तेवढ्यात शारदा आली. सरळ मांडव ओलांडून, सगळ्या पाहुण्यांच्या देखत. तिनं कोठारात जाऊन कम्प्यूटरमागची वायर दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. कडुनिंबावरून ती सपकन खाली आली, अनंतरावांच्या वाळून कोळ झालेल्या हारासकट. काट्यावरचा आकडा गेला. पडद्यावर ‘फाईल सापडत नाही’ एवढंच उरलं.

“अगं, तुला कळतंय का तू काय केलंस?” मी ओरडलो.

“दादा, मला काही कळत नाही,” ती म्हणाली. “गोदामात जुना तराजू आहे ना? तो टांगा.”

तराजू आला. जाळी झाडली, कडुनिंबालाच टांगला. एका पारड्यात अरविंद गुडघे पोटाशी घेऊन बसला, दुसऱ्यात ढेपी चढल्या. शेवटची ढेप ठेवली आणि पारडी हवेत सरळ झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालूबाईंनी पोराच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि वर आणखी एक ढेप ठेवली.

“ही कशाची, मावशी?” मी विचारलं.

“तुमच्या मशीनची,” त्या म्हणाल्या.

वायर गेली म्हणून तोलकाटाही बंद पडला होता. आबांनी व्यापाऱ्याच्या माणसाला मांडवातच बोलावलं, उपरण्याखाली हातात हात घातला, बोटं दाबून सौदा ठरवला, दोघांनी माना हलवल्या, झालं! ट्रक निघाला. शंभर पिढ्या असंच करत आल्या असतील, आणि त्यांच्यापैकी एकानंही आपल्या बोटांची जोडणी केली नाही! मुहूर्त कसाबसा गाठला. शारदाचं लग्न लागलं. मला सांगायला हरकत नाही, अक्षता टाकताना मी तोंड फिरवून डोळे पुसले. फक्त धूर फार होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पाठवणीच्या वेळी मी मालूबाईंच्या पाया पडलो. म्हटलं, “मावशी, चूक लक्षात आलीय. नवी फाईल अशी करतो, की आठ दिवसांत सगळं कसं चोख! पुन्हा एक ग्रॅम हलणार नाही!”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बोला भाऊ, खुशाल बोला. आमी कडता कापूनच ऐकू.”

मी प्रभाकरला फोन करून सगळं सांगितलं. तो इतका हसला की मीच म्हटलं, लाइन खराब आहे. आता माझ्याकडे वजन-एक आहे, वजन-दोन आहे. काट्याला दोन, कोठाराला एक. अनंतरावांना मी सांगितलं, की ही कल्पना मला फार आधीच सुचली होती.

वर्षभरानं माझं स्थळ निघालं. मुलगी जैनाबादची, निर्मला. बघायला गेलो. मध्यस्थ देवरामआबाच. मी माझी माहिती सांगितली. इंदूरचं शिक्षण, तिन्ही प्रोग्राम एकहाती, संघाचं सगळं माझ्यावरच कसं चालतं, अनंतराव मला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत, वगैरे. मुलीच्या वडिलांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग ते आबांकडे वळले.

“पाटील, यात धरायचं किती?”

आबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

“ठरलेलं हाय ना, शंभरामागं आठ.”

दाराआडून बांगड्या वाजल्या आणि निर्मलाचा आवाज आला, “आबा, आठ धरायचे का आठ कापायचे?”